पाठराखण

“इथे?” काकांनी कमरेच्या मणक्याशेजारी अंगठा टेकवून विचारलं.

“नाही.”

“आणि इथे?”

“तिथेपण नाही. काका, चोळा ना गुपचूप. परीक्षा कसली घेताय?”

बारक्या मालिशच्या टेबलावर पालथा पडला होता. तोंड टेबलाच्या भोकात, त्यामुळे आवाज फरशीतून आल्यासारखा येत होता. तोंडानं तो नाही म्हणत होता, पण काकांचा अंगठा कमरेच्या डाव्या बाजूला गेला की तिथला स्नायू कातडीखाली टुणकन उडत होता. काकांनी हात तिथून काढला आणि खांद्याकडे नेला. थोड्या वेळानं फरशीतून पुन्हा आवाज आला.

“डाव्या पावलाला मुंग्या येतात. सरळ रस्त्यावर गाडी उडायला लागली की पाऊल आहे की नाही तेच कळत नाही. मग ब्रेक अंदाजानं दाबायचा.”

काकांचे हात थांबले.

“साहेबांना सांगू नका हं,” बारक्या म्हणाला. “उद्या माझ्या जागी दुसरा बसलेला असेल.”

“नाही सांगत,” काका म्हणाले, आणि पुन्हा चोळू लागले.

बारक्या हा मोटारशर्यतीतल्या एका संघाचा ड्रायव्हर. अंगानं इतका लहान, की गाडीत बसताना त्याला कुठे वाकावं लागत नाही, असं गराजमधली माणसं म्हणायची. नाव त्यावरूनच पडलं. काका संघाचे मालिशवाले. तरुणपणी ते एका फुटबॉल क्लबात खेळाडूंचे पाय चोळायचे. तिथून संघाच्या जुन्या मालकांनी त्यांना उचलून मोटारशर्यतीत आणलं, आणि तेव्हापासून त्यांचं सगळं आयुष्य गराजच्या मागच्या या एका खोलीत गेलं होतं. गावं बदलायची, देश बदलायचे, खोली तीच. टेबल, तेलाच्या बाटल्या, टॉवेलांची चळत आणि भिंतीपलीकडे इंजिनांचा कल्लोळ.

शर्यत जगातली सगळ्यात मोठी, पण संघ मात्र शेपटाकडचा. “आमचा नंबर बघायचाय? यादी उलटी धरा,” असं काका स्वतःच सांगायचे आणि लोक हसले की आपणही हसायचे. मालक गेले, त्यांचा मुलगा आला, तोही विकून मोकळा झाला. ड्रायव्हर आले नि गेले. जिंकण्याचं कधी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

आणि यंदा नियम बदलले.

आधीच्या गाड्यांना वरचे पंख वाऱ्याच्या जोरानं जमिनीवर दाबून धरायचे. पण त्या पंखांमुळे मागे इतकी वावटळ उठायची की मागच्या गाडीला जवळ जाताच येत नसे. शर्यत म्हणजे नुसती वरात झाली होती, एकामागे एक. म्हणून नियम करणाऱ्यांनी सांगितलं, वरचे पंख साधे करा. गाडीच्या पोटाला आकार द्या, म्हणजे खालून जाणारी हवाच गाडीला जमिनीकडे ओढून धरेल. सोबत टायरही बदलले. पूर्वी चाक लहान आणि त्याभोवती रबर जाड, गादीसारखं. रस्त्याचा धक्का निम्मा तिथेच जिरायचा. आता चाक मोठं आणि त्यावर रबराची बारीक कड, बांगडी घातल्यासारखी.

शर्यती खरोखरच रंगतदार झाल्या, यात वाद नाही. गाड्या एकमेकींच्या शेपटीला लागून पळू लागल्या, प्रेक्षक खूश झाले. पण वेग वाढला की एक भलतीच गोष्ट व्हायची. गाडीचं पोट रस्त्याला टेकायला आलं की खालची हवा कोंडायची, ओढ सुटायची, गाडी वर यायची. वर आली की पुन्हा ओढली जायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कितीतरी वेळा. सरळ रस्त्यावर गाड्या अशा उड्या मारत जायच्या, की आतल्या माणसाचं हेल्मेट पडद्यावर थरथरताना दिसायचं. आणि धक्का झेलायला टायरची ती गादी राहिली नव्हती. उरली होती ती माणसाची पाठ.

गाडी थोडी उचलली की उड्या कमी व्हायच्या, पण वेगही जायचा. काकांच्या संघानं गाडी सगळ्यांत खाली ठेवली. डिझाइन करणाऱ्यांनी पोटाचा आकार असा काही साधला होता, की शेपटाकडचा संघ एकदम पहिल्या रांगेत येऊन उभा राहिला. बारक्यानं पहिली शर्यत जिंकली त्या दिवशी काका या खोलीत दार लावून टॉवेलात तोंड खुपसून रडले होते. बाहेर आले तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. घरून बायकोचा फोन आला. “अहो, टीव्हीवर दिसलात. केस तरी विंचरायचे,” ती म्हणाली. शेजारचे लोक पेढ्याबिढ्याची भाषा करत घरी आले होते म्हणे. इतकी वर्षं काका कुठे काम करतात, हे त्यांच्यातल्या कुणी धड विचारलंसुद्धा नव्हतं.

मागे पडलेल्या संघांनी ओरड सुरू केली. या उड्यांनी ड्रायव्हरांचे मणके जातील, गाड्या उचलायला लावा. पुढचे संघ म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी नियम करणाऱ्या मंडळानं एक डॉक्टरबाई पाठवल्या. त्या प्रत्येक ड्रायव्हरशी आणि त्याच्या अंगाची देखभाल करणाऱ्या माणसाशी वेगवेगळं बोलणार होत्या.

त्या यायच्या आदल्या दिवशी संघाचे मॅनेजर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, काकांच्या खोलीत आले. टेबलाच्या कडेला टेकले.

“काका, उद्या त्या बाई येतायत. तुम्हाला काय शिकवायचं म्हणा. तुम्ही आमच्याहून जुने.”

“काय सांगायचं त्यांना?”

“जे आहे तेच. खोटं बोला असं मी कुणालाच सांगणार नाही.” साहेबांनी तेलाची एक बाटली उचलून वास घेतला आणि परत ठेवली. “एवढंच, की थकलेल्या माणसाची पाठ दुखणारच. राईचा पर्वत करू नका. गाडी एकदा उचलायला लागली, की आपण पुन्हा होतो तिथे.”

बस, एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. पुढे कितीतरी दिवस काका हे बोलणं मनात उलटंपालटं करून बघत होते. त्यात कुठे दबाव सापडतोय का, जिच्यावर सगळा भार टाकता येईल अशी एखादी खुंटी सापडतेय का. सापडली नाही.

डॉक्टरबाई साध्याच होत्या. पायांत सपाट बूट, नाकावर घसरणारा चष्मा. खाण्याच्या तंबूत कोपऱ्यातल्या टेबलाशी त्या बसल्या होत्या. त्यांनी काकांना आधी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“तुमच्या ड्रायव्हरची पाठ कशी आहे?”

“पाठीसारखी पाठ आहे,” काका म्हणाले. “काल बघितली तेव्हा मागेच होती.”

बाई हसल्या. काकांना बरं वाटलं. लोकांना हसवलं की त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

“कंबर? कमरेखाली काही?”

“शर्यतीनंतर आखडते थोडी. ते काय, गाडीत बसवून आणलं तर माझीही आखडेल. नेहमीचीच कुरकुर.”

बाईंनी मान हलवली, पण नजर काकांवरून काढली नाही.

“पायाला मुंग्या? पाऊल बधिर होणं? नीट आठवून सांगा. ही गोष्ट महत्त्वाची आहे.”

खरं तर काकांना आठवायची गरजच नव्हती. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे आला तो गराजच्या दारावर लावलेला पहिल्या विजयाचा फोटो. सगळे त्यात होते, मागच्या रांगेत विस्कटलेल्या केसांचे काकाही.

“नाही बुवा,” ते म्हणाले. “तसलं काही असतं तर माझ्या हाताला कळलंच असतं.”

“नक्की?”

“नक्की.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित गोंधळ दिसला. काकांना त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. तंबूबाहेर साहेब उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांना तो हात आवडला, हे त्यांना नंतर विसरता आलं नाही.

पुढच्या शर्यतीच्या गावी मंडळाचा निर्णय आला. तातडीनं काही करावं असं आढळलं नाही; वर्षअखेर पुन्हा विचार करू. गराजमध्ये टाळ्या वाजल्या. काका खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होते. बारक्या आत आला, दार लोटून घेतलं आणि दाराला टेकून उभा राहिला. टेबलावर चढला नाही.

“काका, तुम्ही त्या डॉक्टरबाईंना काय सांगितलंत?”

“काय सांगणार? तूच म्हणाला होतास, कुणाला सांगू नका म्हणून.”

“साहेबांना सांगू नका म्हणालो होतो.”

काकांच्या हातातली घडी तशीच राहिली.

“मी सांगितलं होतं त्यांना सगळं,” बारक्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. “नाव बाहेर येणार नाही म्हणाल्या. बाकीचे ओरडतात ते हरतात म्हणून, असं सगळे म्हणतात. पण जिंकणारा स्वतः सांगतोय म्हटल्यावर ऐकावंच लागेल, असं त्या म्हणाल्या. फक्त दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करावी लागेल. मी म्हटलं, आमच्या काकांना विचारा. माझ्यापेक्षा माझी पाठ त्यांना जास्त माहीत आहे.”

भिंतीपलीकडे कुणीतरी हवेवर चालणाऱ्या पान्यानं चाकाचा नट सोडवत होतं. तो आवाज थांबला.

“मला वाटलं...” काकांनी सुरुवात केली, पण काय वाटलं ते जिभेवर येईना. कारण काहीच वाटलं नव्हतं. बारक्याचं गुपित राखावं म्हणून ते गप्प बसले नव्हते. त्या वेळी बारक्या त्यांच्या मनातच नव्हता.

बारक्यानं शर्ट काढून खुंटीला लावला, सावकाश टेबलावर चढला आणि पालथा झाला.

“चोळा,” तो भोकातून म्हणाला. “रविवारी शर्यत आहे.”

काकांनी तेल हातावर घेतलं. अशी पाठ त्यांनी जन्मात चोळली नव्हती. हात फिरत होते, पण प्रत्येक वेळी कमरेशी आले की चोरासारखे बाजूनं निघून जात होते.

त्या गावचा सरळ रस्ता सगळ्या वर्षातला सगळ्यात लांब. रविवारी काका गराजमध्ये उभे राहून पडद्याकडे बघत होते, की पडद्याशेजारच्या भिंतीकडे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बारक्याची गाडी त्या रस्त्याला लागली की हेल्मेट असं थडथडायचं, जणू कुणी त्याला खांदे धरून हलवतंय. एकदा तो वळणावर उशिरा ब्रेक दाबून रस्त्याबाहेर जाता जाता वाचला. समालोचक म्हणाला, काय ही जिगर. काकांना माहीत होतं ती जिगर नव्हती. पाऊल सापडत नव्हतं.

बारक्या जिंकला.

गाडी येऊन थांबली. लोक कठड्याकडे धावले. बाकीचे ड्रायव्हर उतरले, हेल्मेट काढून घाम पुसू लागले. बारक्या बसूनच. त्यानं दोन्ही हात बाजूंवर रेटून अंग उचलायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसला. पुन्हा एकदा केला. टाळ्या वाजता वाजता विरळ झाल्या.

“काका, जरा या इकडे,” साहेबांनी हाक मारली.

काका धावले. त्यांनी बारक्याच्या बगलेत हात घालून त्याला लहान मुलासारखं उचललं. कॅमेरे अगदी तोंडाशी आले होते. हेल्मेटच्या आतून बारक्या त्यांच्या कानाशी म्हणाला, “पाय कुठे टेकवू, सांगा. मला कळत नाहीये.”

“टेकलेत,” काका म्हणाले. “उभा आहेस तू. मी धरलंय.”

बक्षीस घ्यायला तो गेला. कठड्याला धरून उभा राहिला. राष्ट्रगीत वाजलं, सगळे सरळ उभे राहिले. त्याला मात्र सरळ होता आलं नाही.

काका तडक डॉक्टरबाईंकडे गेले. मैदानावरच्या दवाखान्यात त्या बारक्याला तपासून नुकत्याच हात धूत होत्या.

“बाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.”

बाईंनी नळ बंद केला. “मी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं होतं.”

“हो.”

“कुणी सांगायला लावलं?”

आता खुंटी समोरच होती. साहेबांचं नाव घेतलं असतं तर कुणी नाही म्हणालं नसतं. काका फरशीकडे बघत राहिले.

“कुणी नाही. आम्ही कधी जिंकलो नव्हतो, बाई.”

बाईंनी फटकारलं असतं तर काकांना सोसलं असतं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, “आता नियम होईल. आज सगळ्या जगानं बघितलं.” आणि टॉवेल शोधू लागल्या.

नियम झाला. गाडीनं ठरलेल्या मापापेक्षा जास्त उड्या मारल्या तर ती बाद. सगळ्यांनी गाड्या उचलल्या. काकांचा संघ दोनचार शर्यतींतच होता तिथे परत गेला. बारक्याच्या मणक्यामधली चकती सरकून नस दाबली गेली होती. शस्त्रक्रिया झाली. गाडीत बसण्याचं नाव आता काढू नका, असं त्याला सांगण्यात आलं. त्याच्या जागी दुसरा आला, उंचापुरा, हसतमुख. त्याची पाठ छान होती.

हंगाम संपला तेव्हा साहेब पुढच्या वर्षाचं बोलायला आले. “तुम्ही त्या वेळी संघाला सांभाळून घेतलंत, काका. आम्ही विसरणार नाही.”

काकांना कुणीतरी चारचौघांत नागवं केल्यासारखं झालं.

“पुढच्या वर्षी मला जमणार नाही,” ते म्हणाले.

घरी आल्यावर ते खिडकीपाशी बसून राहू लागले. बायकोनं पहिले काही दिवस थकवा समजून सोडून दिलं. नंतर एका दुपारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “अहो, घरात मुकं जनावर असतं तेसुद्धा शेपूट हलवतं. झालंय काय?”

काकांनी सांगितलं, सगळं. तंबूत बाईंना हसवलं तेही सांगितलं. बायकोचे हात भाजीवर थांबले नाहीत. काका बोलायचे थांबल्यावर ती म्हणाली, “त्याच्या घरी जाऊन आलात?”

“कुठल्या तोंडानं जाऊ?”

“जे आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार? माझ्यापाशी सांगून काय उपयोग, माझी पाठ ठणठणीत आहे.”

बारक्या आईसोबत दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होता. दार आईनंच उघडलं. तिनं काकांना टीव्हीवर पाहिलं होतं, लगेच ओळखलं.

“या, या. अरे, बघ कोण आलंय,” तिनं आत हाक मारली आणि काकांना चांगल्यातली खुर्ची दिली. “तुमचं नाव नाही असा एक फोन नसायचा त्याचा. काका असे म्हणाले, काका तसे म्हणाले. तुम्ही त्या दिवशी उचललंत त्याला, नाहीतर काय झालं असतं. लोकं नुसती बघत उभी होती. तुमचे उपकार आहेत आमच्यावर.”

बारक्या आतून आला. पाऊल टाकण्याआधी तो खाली बघत होता, जमीन आहे याची खात्री करून घेत होता. तो समोर बसला. आई चहा घेऊन आली, आणि पुन्हा उपकारांवरच आली.

“आई, तसं नाहीये ते,” काका म्हणाले. “माझ्या हातून...”

“काका,” बारक्या मध्येच म्हणाला, “चहा गार होतोय.”

त्यानं वाट मोकळी करून दिली होती. चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, निघायचं. काकांनी कप उचललासुद्धा. मग बशीत परत ठेवला.

“त्याच्या पाठीचं मला विचारायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या,” ते आईकडे बघून म्हणाले. “त्यानं खरं सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. मी हो म्हटलं असतं तर ती शर्यत त्याला अशी धावावी लागली नसती. मला ठाऊक होतं. पाय बधिर होतो हेसुद्धा ठाऊक होतं.”

आईनं मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिनं विचारलं नाही, की हे खरं का. ट्रे उचलून ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला. परत आली तेव्हा तिचे हात कोरडे होते. ती दाराच्या चौकटीतच उभी राहिली.

“तुम्हाला तर तो घरचंच समजत होता,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

काका उठले. “येतो,” म्हणायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण परत येणार नव्हतेच, म्हणून त्यांनी नुसती मान खाली घातली.

“मी खालपर्यंत येतो,” बारक्या म्हणाला.

“कशाला? जिने आहेत.”

“डॉक्टरांनी उतरायला सांगितलंय रोज.”

त्यानं खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला सुरुवात केली. अर्ध्यावर तो अडकला. काकांचे हात आपसूक पुढे झाले, बगलेत घालायला पंजे उघडलेसुद्धा.

“राहू द्या,” बारक्या म्हणाला. “जमतं मला.”

तो उभा राहिला. जिन्याशी जाऊन त्यानं एक हात भिंतीला लावला आणि खाली बघत एक पाऊल ठेवलं, ते टेकलं याची खात्री करून मग दुसरं. काका एक पायरी सोडून मागे थांबत, तो उतरेल तसे उतरत होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.